उंच खुर्चीवर चित्रांची फळी
वर एका ताईंनी विचारलंय, बाळाच्या जेवणाच्या उंच खुर्चीला चित्रं काढायला वेगळा ट्रे लावावा का. लावा, नक्की लावा! माझ्या नातीसाठी मी बेळगावात शहापूरच्या सुतारमामांकडून तसाच करून घेतला. मूळ ट्रेवर घट्ट बसणारी फळी, कडेला बोटभर उंच पट्टी, म्हणजे खडू घरंगळत नाहीत. रंगाच्या वाटीला एक गोल भोक. कागद धरायला चाप बसवणार होते, पण तो निसटला तर थेट तोंडात जाईल, म्हणून चिकटपट्टीच वापरते.

पहिली फळी जाड झाली होती. पोर पुढं रेलली की खुर्चीच कलायची, जीव गोळा व्हायचा. मग पातळ प्लायची करून घेतली. पट्टे मात्र रोज बांधायचेच, पाच मिनिटं बसवायचं असलं तरी.

तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी ३१.७ मिमी व्यासाच्या नळकांड्यात घालून तपासतात. जे पूर्ण आत मावतं, ते घशात अडकू शकतं. खडूचे तुकडे, मणी, टिकल्या याच मापानं बाजूला काढा. रंग म्हणून आम्ही सध्या हळदीचं पाणी आणि बीटचा रस देतो. कपडे पिवळे होतात, होऊ देत.