मदत हवी आहे : चहा उकळेल, खिचडी शिजेल आणि पाठीला जड होणार नाही असा मग कोणता?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटी मी आणि माझी भाची रतनगड ते हरिश्चंद्रगड असा रेंज ट्रेक करणार आहोत. रतनवाडीतून चढून गडावर गुहेत मुक्काम, मग कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पुढे पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. वाटाड्या ठरवला आहे. आतापर्यंत मोठ्या ग्रुपबरोबर जायचे तेव्हा पातेली आणि शिधा सगळ्यांत वाटला जायचा, माझ्या सॅकमध्ये ताट, चमचा आणि मग एवढंच असायचं. या वेळी दोघींचा स्वयंपाक दोघींच्याच पाठीवर आहे. त्यात पाणी प्रत्येकी तीन लिटर, म्हणजे तीन किलो तिथेच गेले. त्यामुळे भांड्यांचं वजन जिथे कमी करता येईल तिथे करायचं ठरवलं आहे.

गरज साधी आहे. सकाळी दोघींना चहा, दुधाचा आणि आलं घालून, तोही उकळलेला. रात्री एक गरम जेवण : मुगाची खिचडी, उपीट, नाहीतर मॅगी. हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणून चूल किंवा शेकोटी पेटवायची नाही. आटे असलेल्या डब्यावर बसणारा छोटा गॅस स्टोव्ह आहे.

आता मगाविषयी. परदेशी ट्रेकर मंडळींचे व्हिडिओ पाहिले तर उत्तर एकच मिळतं, टायटॅनियम घ्या. टोक्स कंपनीचा ७५० मिलीचा मग झाकणासकट १०३ ग्रॅम भरतो. स्नो पीक कंपनीचा एकेरी भिंतीचा ४५० मिलीचा साधारण ७० ग्रॅम. घरातला माझा स्टीलचा कानाचा मग काट्यावर ठेवला तर १३६ ग्रॅम, आणि त्यात मावतं जेमतेम ३५० मिली. आकड्यांवर गेलं तर प्रश्नच उरत नाही. पण त्या व्हिडिओंत मगात फक्त पाणी उकळतात. उकळलं की ते पाकिटात ओततात, पाकिटातलं जेवण फुगतं, मग धुवायचीही गरज नाही. आपण मगात दूध घालणार, डाळ-तांदूळ शिजवणार. या दोन्हींत फार फरक आहे आणि त्यावर कोणी बोलताना दिसलं नाही.

एका मैत्रिणीचा टायटॅनियमचा मग मागून आणला आणि घरी गच्चीवर स्टोव्हवर चहा करून पाहिला. पाणी झटकन उकळलं. दूध घालून पुन्हा ठेवलं आणि ढवळत राहिले, तरी बुडाच्या मध्यभागी रुपयाएवढं गोल करपलंच. चहाला तो वास लागला. बाजूच्या भिंतीजवळ मात्र दूध नुसतं कोमट होतं. दुसरं म्हणजे मग अरुंद आणि उंच, त्यामुळे साय धरून दूध असं भरभर वर येतं की क्षणभर नजर हटली तर सगळं स्टोव्हवर. ७५० मिलीच्या मगात दुधाचा चहा करायचा तर ४५०च्या वर भरता येत नाही असा माझा अंदाज आहे. म्हणजे दोघींना पोटभर चहा एका वेळेत अवघडच.

माझे प्रश्न असे :

टायटॅनियममध्ये दूध आणि खिचडी न करपवता करणारं कोणी आहे का, आणि कसं करता? हार्ड ॲनोडाइझ्ड (वर कडक थर चढवलेल्या) ॲल्युमिनियमचा मग घेतला तर वजन किती वाढेल, आणि आपल्याकडच्या आंबट पदार्थांना तो चालतो का? ज्यात शिजवायचं त्यातच प्यायचं असा एकच मग घ्यावा, की शिजवायचं भांडं वेगळं आणि प्यायचा पेला वेगळा? दुहेरी भिंतीच्या मगात चहा गरम राहतो म्हणतात, तो घ्यावा का?

बजेट दोघींचं मिळून तीन हजारांपर्यंत. भाची पहिल्यांदाच गडावर मुक्काम करणार आहे, तिला थंडीत सकाळी चांगला चहा मिळावा एवढी माझी मनापासून इच्छा आहे. आगाऊ आभार.

प्रतिसाद

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तो सुरक्षेचा आहे. दुहेरी भिंतीचा मग गॅसवर कधीही ठेवायचा नाही. दोन भिंतींच्या मध्ये हवा कोंडलेली असते, ती तापून फुगते आणि मग फुटू शकतो. तो फक्त प्यायला. सिलिकॉनचे घडीचे मगही तसेच, त्यांना आच चालत नाही.

करपण्याचं कारण तुम्ही बरोबर हेरलं आहे. ॲल्युमिनियम उष्णता पसरवण्यात टायटॅनियमच्या जवळजवळ दहापट सरस आहे. शिवाय टायटॅनियमचे मग हलके होण्यासाठी पातळ केलेले असतात. छोट्या स्टोव्हची ज्योत मध्यभागी एका टिकलीवर लागते, ती उष्णता बाजूला सरकतच नाही. स्टीलही या बाबतीत कच्चंच, वर जड. म्हणून दूध, डाळ, रवा शिजवायचा असेल तर माझं मत ॲल्युमिनियमच्या बाजूने.

आंबटाचं म्हणाल तर साध्या ॲल्युमिनियममध्ये कोकम, चिंच, टोमॅटो बराच वेळ ठेवलं की चव धातूसारखी होते आणि भांडं काळवंडतं. ॲनोडाइझ्ड असेल तर वरचा थर टिकून आहे तोवर अडचण नाही. स्टीलच्या चमच्याने खरवडू नका, लाकडी चमचा न्या. टायटॅनियमला आंबटाचं काहीच होत नाही, तो त्याचा खरा गुण.

प्रतिसाद

दोघी आहात तर एकच मग हा विचारच सोडा. एकीने शिजवायचं, दुसरीने वाट बघायची, मग धुवायचा आणि पुन्हा गॅस पेटवायचा, यात गॅसही जातो आणि जेवण गार होतं. दोघींत मिळून एक लिटरच्या आसपासचं, रुंद बुडाचं ॲल्युमिनियमचं पातेलं आणि प्रत्येकीचा प्यायचा हलका पेला, हे उत्तर आहे.

आणि त्यासाठी ट्रेकिंगच्या दुकानात जायची गरज नाही. पुण्यात असाल तर रविवार पेठेत किंवा तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानात जा. ॲल्युमिनियमची पातेली बहुतेक ठिकाणी वजनावर विकतात, म्हणजे दुकानदारच काट्यावर टाकून ग्रॅम सांगतो. हातात घेऊन पातळ कोणतं ते निवडा, पण बूड बोटाने दाबलं तर आत जाणारं नको. तोंड रुंद असलं की दूध उतू जायला वेळ लागतो, ढवळता येतं आणि मॅगीची वडी न मोडता बसते. ७५० मिलीच्या त्या मगाचा व्यास साडेनऊ सेंटिमीटर असतो, त्यात वडी मोडूनच घालावी लागते.

कान नसलेलं पातेलं घेतलं तर उचलायला घरची छोटी सांडशी. ती जड वाटली तर सुती पंचाची चौपदरी घडी. फक्त पंचा ओला असेल तर धरू नका, ओल्या कापडातून चटका लगेच बसतो.

प्रतिसाद

मी टायटॅनियम वापरतो आणि सोडणार नाही, म्हणून माझी बाजू मांडतो. त्यात दूध तापवायचंच नाही. आलं, साखर, चहापूड पाण्यात मनसोक्त उकळायची, मग खाली उतरवून दुधाची पावडर घालायची. पावडर आधी पेल्यात दोन चमचे थंड पाण्यात कालवून ठेवली तर गुठळ्या होत नाहीत. चव घरच्यासारखी येते आणि करपण्याचा प्रश्नच उरत नाही. गडावर ताजं दूध नेऊन नासवण्यापेक्षा हे बरं.

खिचडीसाठी युक्ती आहे. मुक्कामाला पोचायच्या तासभर आधी चांगल्या झिपच्या पिशवीत तांदूळ, सालं काढलेली मूगडाळ आणि पाणी घालून पिशवी सॅकच्या वरच्या कप्प्यात उभी ठेवायची. पोचेपर्यंत डाळ नखाने तुटते. मगात आधी पाण्याला उकळी आणायची, मग भिजलेले डाळ-तांदूळ घालायचे, आच अगदी बारीक करायची आणि पाच-सहा मिनिटांनी झाकून बंद करायची. नंतर तो मग लोकरीच्या टोपीत गुंडाळून वीस मिनिटं ठेवून द्यायचा. आतल्या वाफेवर खिचडी होते. गड १३००-१४०० मीटर उंचीचे आहेत, तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे न भिजवलेली डाळ शिजायला घरापेक्षा जास्त वेळ घेते. भिजवणं टाळू नका.

उपिटासाठी रवा घरीच फोडणीत भाजून न्या. तिथे फक्त उकळतं पाणी लागतं.

आणखी एक. वारा अडवायला स्टोव्हभोवती पत्र्याचं पूर्ण कडं लावू नका. गॅसचा डबा खालीच असतो, तो तापतो आणि ते जिवावर बेतू शकतं. दगडाचा आडोसा एका बाजूने पुरे. गुहेत स्वयंपाक करायचा तर तोंडाशी, जिथे हवा खेळते तिथे. तंबूत तर अजिबात नको.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे खूप आभार. दुहेरी भिंतीचा मग जवळजवळ घेतलाच होता, तो बेत रद्द.

काल रविवार पेठेत जाऊन आले. लिटरभराचं पातेलं झाकणासकट १६४ ग्रॅमला मिळालं, आणि भाव एका वेळच्या बाहेरच्या जेवणापेक्षा कमी. दुकानातल्या काकांनी तीन पातेली काढून काट्यावर ठेवली, त्यातलं मधलं घेतलं कारण सर्वांत हलक्याचं बूड खरंच दबत होतं. घरी त्याच स्टोव्हवर तेवढ्याच दुधाचा चहा केला. बूड स्वच्छ. दूध वर आलं तेही सावकाश, आच कमी करायला वेळ मिळाला. दोघींचा चहा एकाच वेळी झाला.

प्यायला दोघींना पातळ प्लास्टिकचे कानाचे मग, प्रत्येकी ४० ग्रॅमच्या आत. एकूण हिशेब टायटॅनियमच्या दोन मगांपेक्षा थोडा जास्त आहे, पण जेवण एका भांड्यात होतं, धुवायला पाणीही कमी लागतं, आणि गडावर टाक्यातून पाणी आणायचं तर ते महत्त्वाचं आहे. खिचडीची पिशवीची पद्धत या रविवारी घरी करून पाहते, ती मला फार आवडली आहे. दुधाची पावडर तर नेतेच.

एकच शंका उरली. २३० ग्रॅमचा गॅसचा डबा ११ सेंटिमीटर रुंदीचा आहे, तो पातेल्यात घालून नेला तर जागा वाचते, पण चालताना खडखड वाजतो आणि आतून चरे पडतील असं वाटतं. तुम्ही काय करता?

प्रतिसाद

डब्याखाली पातेलं पुसायचा सुती रुमाल पसरा आणि बाजूने चहा-साखरेच्या पुड्या खोचा, आवाज बंद. झाकणाला रबर लावा. एवढंच लक्षात ठेवा की गॅसचा डबा रेल्वेत नेता येत नाही, तेव्हा इगतपुरी-कसाऱ्यापर्यंत लोकल किंवा रेल्वेगाडीने यायचा विचार असेल तर बदला, स्वतःच्या वाहनाने भंडारदऱ्यामार्गे या. आणि कुमशेत, पाचनईत गावकऱ्यांच्या घरी सांगून ठेवलं तर गरम जेवण मिळतं. वाटाड्याला आधीच फोन करायला सांगा. त्या रात्रींचा शिधा कमी झाला तर मगाच्या वजनात वाचवलेले ग्रॅम त्यापुढे काहीच नाहीत.

धागाकर्तीचा प्रतिसाद

हे माहीत नव्हतं, वाटाड्याला आजच विचारते. पाचनईत जेवणाची सोय झाली तर खिचडीचं सामान फक्त रतनगडाच्या मुक्कामापुरतं नेईन. स्वतःच्या गाडीनेच येतोय, त्यामुळे डब्याची अडचण नाही.