बाबांच्या कॅसेट पेन ड्राइव्हवर घ्यायच्या आहेत, सल्ला हवा

खाडीकाठची (देवगड):
बाबांच्या भजन-नाट्यगीतांच्या खोकंभर कॅसेट आहेत. बऱ्याचशा विकतच्या, काही त्यांनीच देवळात डबलबारीला (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला) टेप केलेल्या. दमट हवेने बुरशी धरलीय. गणपतीआधी आईसाठी पेन ड्राइव्हवर घ्यायच्यात. मुंबईची चुलत भावंडं म्हणतात, यूट्यूबवरच टाक. होमस्टेच्या पडवीत पाहुण्यांच्या जेवणाच्या वेळी लावल्या तर चालेल?

कोर्टाची_पायरी:
आईसाठी खुशाल घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खाजगी वापराला मोकळीक देतं. आधी त्यात ध्वनिमुद्रण येत नव्हतं, २०१२च्या दुरुस्तीने आलं. यूट्यूब म्हणजे मात्र खाजगी नव्हे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं; गाणं आधी तबकडीवर आलं असेल तर तिथून मोजायचं, कॅसेटवरच्या सालावरून नाही. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, कवी-संगीतकार गेल्यावर ६० वर्षं.

बारक्या_मालवणकर:
होमस्टेत लावतास तर लायसन घेवक व्हया! ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल, शब्द-चालीसाठी आयपीआरएस, ह्या लायसन देणाऱ्या संस्था. घरातली आरती, लग्नाची वरात हेका सूट आसा, धंद्याक नाय.

टेपवाला:
बुरशीची कॅसेट चांगल्या डेकात अजिबात घालू नका. हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. आधी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत सुकू द्या, मग एखाद्या टाकाऊ डेकवर पुढे-मागे पूर्ण फिरवा. स्क्रूवाली असेल तर रिळं काढून दुसऱ्या कॅसेटच्या कवचात बसवता येतात. डेकच्या लाइन-आउटमधून लॅपटॉपला जोडा, वेव्ह फाइल (पूर्ण दर्जाची, पण मोठी) करा. तासाच्या कॅसेटला साधारण ६०० एमबी लागतात. आईसाठी त्यावरून केलेली लहान एमपी३ फाइल पुरे.

खाडीकाठची:
आभारी आहे. होमस्टेचा नाद सोडला. पण देवळातलं टेप केलेलं तरी यूट्यूबवर टाकता येईल ना?

कोर्टाची_पायरी:
बुवांना आणि साथीदारांना विचारून. गाणाऱ्याचा स्वतःचा हक्क ५० वर्षं असतो. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण आपल्याकडे गजर (भजनातला सगळ्यांनी मिळून म्हणायचा जोशातला भाग) हमखास सिनेमाच्या चालीवर! ती चाल संगीतकाराची, नाहीतर कंपनीची. यूट्यूब ती ओळखू शकतं. मग व्हिडिओ अडेल किंवा जाहिरातीचे पैसे त्यांना जातील.

खाडीकाठची:
बुवा शेजारच्याच वाडीत आहेत, विचारते. गजर वगळून अभंग तेवढे टाकेन.

बारक्या_मालवणकर:
गजराशिवाय डबलबारी कोण ऐकतलो?