खरं दिसलं, पण भिडलं नाही

१९९४च्या कार्टूनपटावरून पुन्हा केलेला २०१९चा 'द लायन किंग' इतका हुबेहूब आहे की आणखी काय हवं, असं एका प्रतिसादात वाचलं. मला हे अजिबात पटत नाही. तंत्राबद्दल वादच नाही. दिग्दर्शक जॉन फॅवरोच्या या सिनेमात सुरुवातीच्या सूर्योदयाचा एक शॉट सोडला तर बाकी सगळं संगणकावर केलेलं आहे, आणि आयाळीचा केस न् केस दिसतो. पण खऱ्या सिंहाच्या चेहऱ्यावर माणसासारखे भाव उमटत नाहीत, आणि इथंच घोडं अडलं.

सिंहांचा राजा मुफासा मेल्यावर त्याचा छोटा बछडा सिम्बा त्याच्या पंजाखाली शिरतो तो प्रसंग घ्या. १९९४च्या चित्रपटात सिम्बाच्या भुवया, थरथरणारे ओठ, पाण्यानं भरलेले डोळे बघून पोटात तुटतं. नव्यात आवाज रडतो, चेहरा मात्र तसाच. सिम्बाचा दुष्ट काका स्कार, त्याच्या गाण्याचीही तीच गत. जुन्यात हिरवा धूर, कड्यावर तो आणि खाली शिस्तीत चालणारे तरस. नव्यात गाणं छाटलंय, अर्धं तर नुसतं बोलूनच संपवलंय. शिवाय रात्रीचं प्रेमगीत भर उजेडात!

हिंदी डबिंग मात्र मनापासून आवडलं. शाहरुख आणि आर्यन हे बाप-लेकच मुफासा-सिम्बा झालेत, आणि आपल्या श्रेयस तळपदेनं सिम्बाच्या मित्रामध्ये, टिमॉनमध्ये जान ओतली आहे. मुलांना आधी जुना दाखवा, असंच मी सांगेन.