मदत हवी आहे: एकच क्लास, एकच वय. जाऊ जर्मन बोलते, मी अडते. असं का?

नमस्कार मंडळी. या विषयावर आधी धागा असेल तर दुवा द्या, मला शोधून सापडला नाही.

मी आणि माझी जाऊ गेली सव्वा वर्ष जर्मन शिकतोय. दोघीही बेचाळीसच्या. मातृभाषा मराठी, शिक्षण मराठी माध्यमातून, इंग्रजी कामापुरतं बरं. क्लास एक, बाई एक, वह्यासुद्धा एकाच गठ्ठ्यातल्या. लेखी परीक्षेत मला तिच्यापेक्षा नेहमी पंधरा-वीस मार्क जास्त पडतात. पण तोंड उघडायची वेळ आली की ती सुटते आणि मी जागच्या जागी थिजते.

गेल्या आठवड्यातलंच सांगते. बाईंनी विचारलं, काल काय केलंत? मला म्हणायचं होतं, काल मी घरीच राहिले. डोक्यात सुरू झालं: 'राहणे' म्हणजे 'ब्लाइबन', भूतकाळ, मग सोबतीचं सहायक क्रियापद 'हाबे' लावायचं की 'बिन'? 'बिन'. बरं, 'गेस्टर्न' म्हणजे 'काल' आधी आलं म्हणजे क्रियापद दुसऱ्या जागी, मग 'इश' म्हणजे 'मी', आणि 'गेब्लिबन' अगदी शेवटी. एवढं जुळवेपर्यंत जाऊने ठोकून दिलं, "गेस्टर्न इश ब्लाइबन हाउस." चार शब्दांत तीन चुका! पण बाईंना कळलं, त्या हसल्या, पुढचा प्रश्नही तिलाच विचारला. माझं निर्दोष वाक्य घशातच राहिलं.

घरचे म्हणतात, वय झालं, आता कुठे भाषा शिकणार. अहो, पण जाऊही बेचाळीसचीच आहे ना! मग फरक कशाचा? उपजत देणगी, स्वभाव, की अभ्यासाची पद्धत? आणि माझ्या बाजूने काही बदलता येण्यासारखं आहे का? "सिनेमे बघा" हा सल्ला कृपया नको. पुष्कळ बघून झाले, समजतात पण छान.

प्रतिसाद १
सिनेमे बघा. (पळतो.)

प्रतिसाद २
भाषाविज्ञानात एमए केलंय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी वयाचं. वयाचा परिणाम खरा आहे, पण तो नेमका कशावर होतो हे लोक सांगत नाहीत. जॉन्सन आणि न्यूपोर्ट यांनी 1989 मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेल्या 46 चिनी आणि कोरियन भाषकांचं इंग्रजी व्याकरण तपासलं. वयाच्या सातव्या वर्षापर्यंत तिथे आलेले मूळ भाषकांच्या बरोबरीचे निघाले आणि पुढे येण्याचं वय वाढेल तसे पौगंडावस्थेपर्यंत गुण घसरत गेले. हार्ट्सहॉर्न, टेनेनबाउम आणि पिंकर यांनी 2018 मध्ये जवळपास 6 लाख 70 हजार लोकांच्या ऑनलाइन चाचणीवरून असा निष्कर्ष काढला की व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण 17 वर्षांपर्यंत टिकते, मग उतरते. पण हे सगळं 'अगदी मूळ भाषकासारखं येणं' याबद्दल आहे. सुरुवातीच्या वेगाची गोष्ट वेगळी. स्नो आणि हुफनागल-हूले यांनी 1978 मध्ये नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पहिल्या काही महिन्यांत लहान मुलांपेक्षा किशोरवयीन आणि प्रौढच पुढे होते. तेव्हा सव्वा वर्षात अडखळण्याचं खापर वयावर फोडू नका.

तुमचं दुखणं मला वेगळं वाटतं. स्टीफन क्रॅशेन यांनी 'मॉनिटर' नावाची कल्पना मांडली. शिकलेले नियम आपल्या डोक्यात तपासनीस बनून बसतात. त्या तपासनिसाला काम करायला तीन गोष्टी लागतात: नियम माहीत हवा, लक्ष अर्थापेक्षा रूपाकडे हवं आणि हाताशी वेळ हवा. लेखी परीक्षेत तिन्ही मिळतात, म्हणून तुम्हाला मार्क. गप्पांमध्ये वेळच मिळत नाही. तरी तुमचा तपासनीस प्रत्येक शब्दाला फाटकावर अडवून पास मागतो. तुमच्या जाऊबाईंच्या फाटकावर कुणी बसलेलंच नाही. क्रॅशेन यांच्या सिद्धांतावर टीका खूप झाली आहे, पण हे वर्णन तुम्हाला चपखल बसतं.

प्रतिसाद ३
वरच्यांना +१. पण जाऊबाईंचंही सगळं आलबेल समजू नका. रिचर्ड श्मिट यांनी हवाईत राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराचा अभ्यास 1983 मध्ये प्रसिद्ध केला, 'वेस' या टोपणनावाने. माणूस गप्पिष्ट, लोकांत मिसळणारा, इंग्रजीत काम करणारा. तीन वर्षांत संवाद साधण्यात तो बराच पुढे गेला, व्याकरण मात्र जवळपास होतं तिथेच राहिलं. समोरच्याला कळतंय ना, मग बदलायची गरजच कुणाला? चुका अशा मुरल्या की पुढे निघता निघत नाहीत. 1972 मध्ये लॅरी सेलिंकर यांनी यालाच जीवाश्म होण्याची उपमा दिली.

थोडक्यात, तुम्हा दोघींची बेरीज करून दोनाने भागायला हवं. :)

प्रतिसाद ४
मी जर्मन शिकवते, मोठ्यांनाच. एक विचारू? मनात वाक्य जुळवताना तुम्ही इंग्रजीतून जाता का? 'यस्टरडे आय' डोक्यात असलं की 'गेस्टर्न इश' तोंडात येणारच. मग ते खोडा, 'बिन' पुढे आणा, त्यात वेळ गेला. मराठी माणसं मातृभाषा सोडून इंग्रजीचा आधार का घेतात हे मला न सुटलेलं कोडं आहे. परकी भाषा म्हटली की आधी शिकलेली परकी भाषाच आधी धावून येते, असं वर्गात सतत दिसतं.

मराठीतून गेलात तर काही गोष्टी फुकट मिळतात. 'वाइल इश काइने त्साइट हाबे' बघा. 'कारण मला वेळ नाही' याच्यासारखंच क्रियापद शेवटी. इंग्रजी डोक्यात ठेवणारे इथे हमखास आपटतात. 'त्साइट'मधला तो 'त्स' म्हणजे आपल्या 'चमचा'मधला च, निराळा शिकावाच लागत नाही. तीन लिंगांची कल्पनाही आपल्याला नवी नाही. पण इथे मराठी फसवतेसुद्धा. जर्मन जेवणाच्या टेबलावर चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. आपला चमचा तेवढा जमतो, बाकी दोन्ही रुसतात. लिंग शब्दासोबतच पाठ करायचं, त्याला दुसरा इलाज नाही.

प्रतिसाद ५
अवांतर: गुइओरा आणि सहकाऱ्यांनी 1972 मध्ये लोकांना थोडी दारू पाजून थाई उच्चार करायला लावले होते. थोड्या मात्रेत उच्चार सुधारले म्हणे. संकोच सैल पडला की जीभही सैल पडते. (सल्ला नाही, माहिती.)

धागाकर्ती
प्रतिसाद ५, घरी वाचून दाखवलं, नवऱ्याला भलताच उत्साह आला आहे. विषय बंद.

प्रतिसाद ४, हो हो, इंग्रजीतूनच जाते! आजवर लक्षातच आलं नव्हतं. वहीत तर शब्दांचे अर्थसुद्धा इंग्रजीत लिहिलेत.

प्रतिसाद २, फाटकावरचा तपासनीस डोळ्यांसमोर उभा राहिला. पण त्याला रजेवर पाठवायचं कसं? "चुका होऊ दे, बोल" हे बाई रोज सांगतात. ऐकायला बरं वाटतं, पण त्या क्षणी काय करायचं ते त्यातून कळत नाही.

प्रतिसाद २
रजेवर पाठवू नका, त्याचं काम आधी उरकून घ्या. चार-तीन-दोन नावाचा सराव आहे. एक विषय घ्या, उदाहरणार्थ 'कालचा दिवस'. बोलण्याआधी पाच मिनिटं विचार करा, हवं तर मुद्दे टिपा, मग कागद उलटा ठेवा. तोच मजकूर एकाला चार मिनिटांत सांगा, मग दुसऱ्याला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन. विषय तोच असल्यामुळे काय बोलायचं याचा विचार उरत नाही, आणि घड्याळ लागल्यामुळे तपासनिसाला थांबायला फुरसत मिळत नाही.

नुसतं ऐकून-वाचून हे होत नाही, तुम्ही सिनेमांवर फुली मारलीत ते बरोबरच. कॅनडात फ्रेंच माध्यमातून वर्षानुवर्षं शिकलेल्या इंग्रजी भाषक मुलांना समजायचं उत्तम, बोलण्यातलं व्याकरण मात्र कच्चं. त्यावरून मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये मांडलं की बोलायला भाग पडलं की आपल्याला काय येत नाही ते कळतं.

प्रतिसाद ३
आणि जाऊबाईंना उलटा सराव द्या. त्यांनी स्वतःचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून लिहून काढायचं. स्वतःच्या चुका कागदावर दिसल्या की माणूस आपोआप थबकतो.

धागाकर्ती (दहा दिवसांनी)
आठ दिवस करून पाहिलं. तीन श्रोते मिळेनात, म्हणून जाऊ, फोन आणि परत जाऊ. पहिल्या फेरीत नेहमीसारखीच रखडले. दोन मिनिटांच्या फेरीत 'गेस्टर्न बिन इश' सरळ बाहेर पडलं, मला ते रेकॉर्डिंग ऐकताना कळलं. पुढे त्याच वाक्यात चंद्राला स्त्रीलिंगी करून ठेवलं, पण थांबले नाही. जाऊने तिचं स्वतःचं लिहून काढलं आणि संध्याकाळभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मग रात्री फोन करून विचारलं, हे 'बिन'वाले शब्द कोणते गं, एकदा सांग.

तर आता नवा प्रश्न. 'बिन' घेणाऱ्या क्रियापदांची यादी तिने पाठ करावी की वाक्यांतूनच येऊ द्यावी? प्रतिसाद ४, तुम्ही वर्गात काय करता?