मदत हवी आहे: उजनीच्या गाळातून काढलेल्या सागवानी तुळया कशा वाळवायच्या?

उजनी धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्या पातळीखाली उतरलं, की करमाळ्याकडचं आमचं बुडालेलं गावठाण उघडं पडतं. 1980 च्या सुमारास पाणी आलं तेव्हा घाईत आजोबांच्या घराचं छत तसंच राहिलं. यंदा मोठ्या काकांनी गाळात रुतलेल्या दोन तुळया ट्रॅक्टरला साखळी लावून ओढल्या. सात फूट लांब, आठ बाय सहा इंच. आईला यातूनच झोपाळा हवाय.

वरून काळ्याकुट्ट, चिखलाचा वास. रंधा मारला तर आत मधाचा रंग! त्या आनंदात दीड फुटाचा तुकडा कापून गच्चीवर टाकला. सोलापूरचं मे महिन्याचं ऊन. चौथ्या दिवशी टोकाला अशी फट पडली की रुपया उभा जातोय. सुताराच्या मशीनचं पातंही आतल्या गंजक्या खिळ्याने गेलं, आता तो हात लावायला तयार नाही.

तुळया ओलं गोणपाट टाकून पार्किंगमध्ये ठेवल्यात. कशा वाळवू? झोपाळ्याचं वजन पेलतील?

प्रतिसाद:
ताई, गोणपाट फार दिवस नको. गाळात हवा पोचत नाही म्हणून लाकूड टिकलं. आता ओल आणि हवा दोन्ही मिळाली की बुरशी धरणार. आधी चुंबक फिरवून खिळे काढा, तारेच्या ब्रशने वाळू धुवा. मग ओल्या असतानाच आरागिरणीत दीड इंची फळ्या पाडून घ्या, अख्खी तुळई वाळायला फार वर्षं जातात. पाणी टोकांतून सगळ्यात भराभर उडतं, म्हणून फट तिथेच पडते. टोकांना ऑइलपेंटचे दोन हात द्या. आमचे वडील शेण लिंपायचे, तेही चालतं. सावलीत, मध्ये पट्ट्या घालून थर रचा, वर दगड ठेवा. इंचाला एक वर्ष असा जुना हिशोब आहे. आपल्याकडच्या कोरड्या हवेत लवकर होईल, पण एका फळीचं दर महिन्याला वजन करा. ते उतरायचं थांबलं की मगच सुताराकडे.

भिंतीत गाडलेल्या टोकांना स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, मऊ लागलं तर तेवढं कापून टाका. झोपाळ्याच्या कड्यांना नुसते स्क्रू नकोत. आरपार बोल्ट आणि खालून लोखंडी पट्टी.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. दिवाळीपर्यंत होईल ना? आईने पितळी कड्या आणूनसुद्धा ठेवल्यात.

प्रतिसाद:
पुढच्या दिवाळीला म्हणा. तोवर कड्या चिंचेने घासत बसा.