‘एक्स्टेंशन टाक, झालं’ म्हणे!

अर्धविराम
काल इथे एका नवख्याने विचारलं, सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायची आहे, कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम करून देणारा) कसा बसवू? पहिलंच उत्तर आलं, "व्हीएस कोड घे, सीची एक्स्टेंशन टाक, झालं. शोधलं असतंस तरी सापडलं असतं." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. रात्रभर डोक्यात घोळतंय म्हणून लिहितोय.

काय झालं? काहीही झालेलं नाही. व्हीएस कोड हा एडिटर आहे. एक्स्टेंशन शब्दांना रंग देते, चुकांखाली रेघ मारते. कंपायलर तिच्या पोटात नसतो. पोरगं रनचं बटण दाबणार, ‘जीसीसी इज नॉट रेकग्नाइज्ड’ (जीसीसी हा कंपायलरच सापडत नाही) वाचणार आणि सी आपल्याच्याने होत नाही असं ठरवून मोकळं होणार. सी अजून सुरूसुद्धा झाली नाही हो!

विंडोजवर सांगायचं तर धड सांगा. एमसिस२ बसवा, विंडोजवर जीसीसी आणून देणारा संच तो. फोल्डरच्या नावात स्पेस नको. त्याच्या यूसीआरटी६४ खिडकीत पॅकमॅन या त्याच्याच इन्स्टॉलरने जीसीसी आणा. मग त्याच यूसीआरटी६४ मधलं बिन फोल्डर पाथमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्राम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, घाला. आणि सगळे गाळतात ती पायरी: व्हीएस कोड पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. आधीपासून उघड्या असलेल्या प्रोग्रामला नवा पाथ कळत नाही.

रिकामा पॉइंटर
एवढा खटाटोप कशाला? ऑनलाइन कंपायलर उघडा, डावीकडे लिहा, उजवीकडे उत्तर. फॉर लूप कळायच्या आत पाथ कशाला माथी मारता? पोहायला शिकवताना आधी विहीर खणायला लावत नाही कोणी.

अर्धविराम
मग तो जन्मभर दुसऱ्याच्याच विहिरीत पोहणार. कोडचं भाषांतर म्हणजे कंपाइल वेगळं, तुकडे जोडणं म्हणजे लिंक वेगळं, हे त्या एका बटणामागे दडून जातं. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही लिंकची चूक दिसली की हातपाय गाळणारे याच पठडीतले.

जुनं खोड
तुमचं चालू द्या. आम्ही टर्बो सी या डॉसच्या जुन्या कंपायलरवर शिकलो. कंट्रोल एफ९ दाबलं की चाललं, ऑल्ट एफ५ दाबलं की आउटपुट. निळा पडदा, एक फोल्डर, विषय संपला. पाथबिथ कोणी विचारला नाही आणि पंचवीस वर्षं याच धंद्यावर पोट भरतोय.

सेगफॉल्ट
आलेच! १९८७ सालचं सोळा बिटांचं ते भूत, ६४ बिटी विंडोज त्याला दारात उभं करत नाही, म्हणून डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये कोंबायचं आणि वर ‘सोपं’ म्हणायचं. माझं ऐका, काका. फॅक्टोरियलचा प्रोग्राम. सातपर्यंत सगळं बरोबर, ५०४०. आठला यायला हवं ४०३२०, आलं उणे २५२१६. दोन तास लूप चाळत बसलो. लूप निर्दोष होता. तिथे इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, दोन बाइटचा, ३२७६७ च्या पुढे गेला की उलटा फिरतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

जुनं खोड
काका कोणाला म्हणतोस? आणि चूक तुझी. इंटऐवजी लाँग हा मोठ्या आकड्यांचा प्रकार लिहायचा, पर्सेंट एलडीने छापायचं. सीचं अधिकृत स्टँडर्डसुद्धा इंटला ३२७६७ पर्यंतचीच हमी देतं. पुढचं सगळं तुझ्या कंपायलरची मेहेरबानी. ते दोन तास तू माझ्या टर्बो सीकडूनच शिकलास.

सेगफॉल्ट
बरं, स्टँडर्डचं वाक्य बरोबर आहे. सत्कार करू का? पण शिकलो तो मनस्ताप करून, आणि तो टर्बो सीच्या नावावर जमा करायचा नाही.

मीच ती
इंटचं सोडा, मला कोनिओवर, म्हणजे टर्बो सीच्या पडदा-कीबोर्डच्या फंक्शन्सवर, बोलायचंय. हाताखाली नवीन पोरं येतात. पहिल्या ओळीत पडदा पुसणारं क्लिअरस्क्रीन, शेवटी की दाबेपर्यंत थांबवणारं गेटसीएच, वर काही परत न देणारं व्हॉइड मेन. जीसीसीने क्लिअरस्क्रीनला हरकत घेतली की ऐकवतात, "मॅडम, तुमचा कंपायलर बिघडलाय." जीसीसी १४ पासून तर आधी जाहीर न केलेलं फंक्शन वापरलं की थेट एरर. आधी नुसती वॉर्निंग यायची, ती वाचतंय कोण! एकाला विचारलं, पडदा कशासाठी पुसतोस? म्हणाला, सरांनी सांगितलंय, नाहीतर प्रोग्राम चालत नाही.

जुनं खोड
मागच्या वेळचं आउटपुट पडद्यावर तसंच राहायचं, म्हणून पुसायचो. कारण होतं त्याला.

मीच ती
होतं ना. कारण गेलं, क्लिअरस्क्रीन राहिलं. मी तरी वेगळं काय म्हणतेय?

जुनं खोड
म्हणजे सगळा दोष आमच्या पिढीचा. घ्या, लिहून घ्या.

अर्धविराम
अहो, धागा कंपायलर बसवण्याचा आहे! परवा बहिणीला फोनवर बसवून देत होतो. जीसीसी म्हणतो फाइल सापडत नाही, ती म्हणते समोर दिसतेय, नाव ‘वन डॉट सी’. पाऊण तास. शेवटी तिला एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन एक्स्टेन्शन्स दाखवायला लावल्या. ‘वन डॉट सी डॉट टीएक्सटी’! नोटपॅडने शेपूट लावलं, विंडोजने लपवलं.

रिकामा पॉइंटर
मग माझंच खरं ना? ऑनलाइन कंपायलरवर हा पाऊण तास गेलाच नसता.

अर्धविराम
नसता गेला. मान्य. पहिल्या आठवड्यापुरतं तुझं ऑनलाइन चालवून घेतो, त्यापुढे एक दिवस नाही.

रिकामा पॉइंटर
उपकार झाले.

नवखा
नमस्कार, तो प्रश्न माझा होता. सगळं वाचलं. एमसिस२ उतरवलं, पण ती फाइल उघडतच नाही. मी मॅकवर आहे, त्याचा काही संबंध असेल का?

मीच ती
कोणी विचारलंच नाही त्याला!

अर्धविराम
मीही नाही. बरं, ते एमसिस टाकून दे. टर्मिनल उघड, जीसीसी लिही, एंटर मार. डेव्हलपर टूल्स बसवू का, असं मॅक स्वतःच विचारेल, हो म्हण. बसेल तो क्लँग हा वेगळा कंपायलर, जीसीसी नावाने हाक मारली तरी ओ देतो. नंतर जीसीसी, स्पेस, फाइलचं नाव. मग तयार झालेला प्रोग्राम चालवायला टिंब, तिरकी रेघ, ए डॉट आउट. पाथला हात लावू नकोस.

जुनं खोड
मॅकवर डॉसबॉक्स चालतो, बरं का.