‘चिंता करू नका’ म्हणजे काळजीही घ्यायची नाही?

प्रश्न : बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानात ६:३४ ला (म्हणजे अध्याय ६, वचन ३४) ‘उद्याची चिंता करू नका’ असं आहे आणि थोडं वर, ६:२४ मध्ये, देव आणि धन अशा दोन धन्यांची चाकरी जमत नाही असं. या दोन्हींवरून ‘शिल्लक टाकणं म्हणजे अविश्वास’ असा अर्थ काढलेला पुष्कळदा ऐकू येतो. मूळ ग्रीक शब्दांत तसं काही आहे का?

प्रतिसाद १ : मराठीपुरतं बोलायचं तर नामापेक्षा क्रियापद बघा. चिंता लागते, वाटते, आपण ती करतो किंवा वाहतो. पण चिंता कोणी ‘घेत’ नाही. काळजी मात्र करताही येते आणि घेताही येते, आणि दोन्हींचे अर्थ वेगळे. हिशेब लिहिणं, देणी वेळेवर फेडणं ही काळजी घेणं झालं. रात्री तोच हिशेब दहाव्यांदा मनात मांडणं ही काळजी करणं. पेत्राच्या पहिल्या पत्रात (५:७) मराठी भाषांतरकारांनी हे छान पकडलंय : आपली सर्व चिंता त्याच्यावर (देवावर) टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. टाकायची ती चिंता, घेतली जाते ती काळजी. ग्रीकमध्येही तिथे दोन वेगळे शब्द आहेत, ‘मेरिम्ना’ आणि ‘मेलेई’.

प्रतिसाद २ : एक दुरुस्ती. ग्रीकमध्ये ही विभागणी सगळीकडे इतकी स्वच्छ नाही. मत्तय ६ मधलं ‘मेरिम्नाओ’ हेच क्रियापद फिलिप्पै ४:६ मध्ये ‘करू नका’ म्हणून येतं, आणि त्याच पत्रात २:२० मध्ये पौल आपला सहकारी तीमथ्य याचं कौतुक करताना तेच क्रियापद चांगल्या अर्थाने वापरतो. त्यामुळे नुसता शब्द बघून निकाल लागत नाही, कशाविषयी ते बघावं लागतं. मत्तयमध्ये विषय अन्न-वस्त्राच्या धास्तीचा आहे, नियोजनाचा नाही. नियोजनाची उदाहरणं पवित्र शास्त्रात हवी तेवढी आहेत : योसेफ सुकाळाच्या ७ वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवायला सांगतो (उत्पत्ती ४१:३४), आणि लूक १४:२८ मध्ये बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. लूक १२ मधल्या दाखल्यातला धनवान मोठी कोठारं बांधून ‘आता निवांत राहा’ असं आपल्या जिवाला सांगतो, पण तो चुकतो तोही कोठारं बांधल्यामुळे नव्हे. त्याच्या बोलण्यात ‘माझं’ किती वेळा येतं ते मोजा, आणि आपल्या जिवाला तो कशाच्या जोरावर निर्धास्त करतो तेही.

प्रतिसाद १ : मान्य. आता ‘धना’कडे. मूळ शब्द ‘मामोना’ अरामी आहे. ग्रीक मजकुरात तो भाषांतर न करता तसाच ठेवलाय. मुळात अर्थ साधाच, मालमत्ता. ‘आमेन’ ज्या धातूतून आला त्याच धातूतून हाही आला असावा, म्हणजे ‘ज्यावर विसंबावं ते’, असं बरेच अभ्यासक मानतात, सगळे नाही. तिथलं क्रियापद गुलामीचं आहे, म्हणून ‘सेवा’पेक्षा ‘चाकरी’ नेमकं. शिवाय मराठीत एक गंमत आपोआप साधते : धनी म्हणजे धनवान, आणि धनी म्हणजे मालकही. प्रश्न एवढाच, की तुम्ही धनाचे धनी, की धन तुमचा धनी. हा श्लेष मुळात नाही, पण अर्थ चोख पोचतो.

‘विश्वास’, ‘भरवसा’ आणि ‘भिस्त’ यांतला पैशाच्या संदर्भात मला ‘भिस्त’ आवडतो. बँकेवर विश्वास असायला हरकत नाही. सगळी भिस्त खात्यावर असली की ६:२४ लागू.

प्रश्न : आणि ‘दीन’? लूक ६:२० मध्ये ‘अहो दीनांनो, तुम्ही धन्य’ असं आहे, तिथे ‘गरीब’ का नको?

प्रतिसाद २ : कारण मुळात ‘प्तोखोस’ आहे : दबून, हात पसरून राहणारा. कष्ट करून जेमतेम भागवणाऱ्याला ‘पेनेस’ म्हणत. तो शब्द नव्या करारात एकदाच येतो, २ करिंथ ९:९ मध्ये. ‘दीनवाणा’ आठवा, म्हणजे ‘दीन’ का बसतो ते कळेल. पण म्हणून दारिद्र्य हे पुण्य ठरत नाही. नीतिसूत्रे ३०:८ मधली प्रार्थना दारिद्र्य नको आणि संपत्तीही नको अशी आहे.

प्रश्न : जाता जाता, दशांश की दशमांश?

प्रतिसाद १ : दोन्ही चालतात, ख्रिस्ती वापरात ‘दशांश’ रूढ. चूक होते ती कुठलंही दान म्हणजे दशांश म्हणण्यात. तो मोजून काढलेला दहावा भाग असतो. १०० मापं धान्य, तर १० मापं. धान्य स्वतःकडे ठेवून किंमत द्यायची, तर लेवीय २७:३१ प्रमाणे वर पाचवा हिस्सा, म्हणजे १२ मापांची किंमत. पौल मात्र करिंथकरांना टक्केवारी सांगतच नाही : आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळकतीच्या मानाने, बाजूला काढून ठेवा (१ करिंथ १६:२). त्याला ‘वर्गणी’ किंवा ‘दान’ म्हणा, दशांश नको.